राजानंदच्या फोनातला आवाज

संघपालनं नववीतच शाळा सोडली आन् एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात लागला. गिटारचा आवाज घुमवणारा अ‍ॅम्प घेणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून तो वायर लावून मोबाईलवरच वाजवायचा. अ‍ॅम्पसारखा आवाज काढणारी आठ अ‍ॅप त्यानं महिनाभर तपासली. एकात तार छेडली की आवाज उशिरा यायचा, दुसऱ्यात नुसती खरखर. नववं बराबर बसलं. भीमगीताला शोभंल असा आवाज त्यानं त्यात जमवला आन् आपल्या जिगरी दोस्ताच्या, गायक राजानंदच्या फोनातबी टाकून दिला.

"वाजवताना फ्लाईट मोड लावत जाय. न्हाई तर कॉल आला की रिंग स्पीकरवर वाजंल," हे त्याला दहादा सांगितलं.

आज अंबडला राजानंदचा कार्यक्रम होता, गिटारवर संघपालच बसणार होता. संघपाल मंडपामागं पोचला, तर स्टेजवर दुसराच गिटारवाला. त्यानं राजानंदला फोन लावला.

"कार्यक्रम कॅन्सल झाला भावा. मी घरीच हाय," स्टेजवरचा राजानंद म्हणला. फोन कट करून त्यानं सरळ नव्या गिटारवाल्याची वायर त्याच फोनात खुपसली. फ्लाईट मोड काय लावला न्हाई.

संघपालनं जमवलेला आवाज मंडपभर घुमला. आता एक कॉल केला की भर गाण्यात रिंग वाजणार होती. अंगठा बटनावर आल्ता. घरीच हाय म्हणला, तेबी इतकं सहज.

पण गाणं बाबासाहेबांचं होतं, आन् राजानंद जीव तोडून गाऊन राह्यल्ता. संघपालनं स्वतःचाच फोन फ्लाईट मोडवर टाकला आन् गाणं संपेस्तोर तिथंच उभा राह्यला.