रबरी बेडूक आणि मरळ

राजापेठेतल्या आमच्या शेजारच्या भाऊंना मासे पकडायला बाजारातलं आमिष चालत नाही. ते घरीच बनवतात: जुन्या स्लिपरच्या रबराचा बेडूक आणि त्याच्या पोटाखाली गळ. या कलाकुसरीवर आजवर एकही मासा भाळला नव्हता. दर रविवारी कारण मात्र नवं असायचं. कधी वारा, कधी ऊन, एकदा तर माझा खोकला.

परवा त्यांनी मासा मिळण्याआधीच गल्लीला रश्शाचं आवतण देऊन टाकलं. सोबत एक तरी समंजस माणूस हवा, म्हणून पूर्णा नदीवर मीही गेलो. आणि काय सांगावं, रबरी बेडकाला हातभर मरळ लागली! मी पिशवी उघडून धरली. ते मात्र पाण्याकडे बघत राहिले. काठाशी लालसर पिलांचा पुंजका फिरत होता.

"भुकेनं नाही आली ते," ते म्हणाले. "लेकरं राखून राहिली होती, म्हणून बेडकावर धावली."

त्यांनी अलगद गळ काढला आणि मरळ सोडून दिली.

"अन् रस्सा? लोकं येतीन ना!"

"येऊ द्या."

संध्याकाळी गल्ली ताटांवर बसली. वहिनींनी रश्शात अंडी सोडली होती.

"काहून भाऊ, मरळ तुमाले पाहून पळाली का?" कोणीतरी विचारलं. सगळे हसले.

"पळाली ना बाप्पा," शेजारी म्हणाले.

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझ्या ताटात दुसरं अंडं वाढलं.