चष्मेवाल्या मामांची नेमणूक

पुलाच्या मध्यावर मामा पुन्हा थांबले. या खेपेला बुटाची नाडी सुटली होती म्हणे. मघाशी बूट चावत होता, आणि त्याच्याही आधी दुकानाची किल्ली खिशात आहे का ते बघायचं होतं. भाचीनं वाकून पाहिलं. नाडीला चांगली दुहेरी गाठ होती.

"मामा, बसनं आलो असतो तर एव्हाना पोहोचलो असतो."

"म्हणूनच तर बसनं आलो नाही," मामा म्हणाले. घसा बसल्यामुळे त्यांचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा करकरत होता.

"पण दादांना सांगायचं काय, ते ठरलं का?"

"ठरवतोय. अजून अर्धा पूल आहे."

दादा म्हणजे मामीचे थोरले भाऊ. नदीपलीकडे त्यांचं गॅरेज होतं, आणि गावच्या फुटबॉल क्लबचे ते मॅनेजर होते. होते म्हणजे रविवारपर्यंत होते. रविवारी क्लबच्या कमिटीनं त्यांना काढलं, आणि ही बातमी त्यांच्या घरी नेऊन पोहोचवायचं काम सेक्रेटरीकडे, म्हणजे मामांकडे आलं. एवढ्यावर भागलं असतं तर मामा कदाचित बसनं गेलेही असते. पण दादांच्या जागी नवा मॅनेजर कोण, हेही सांगायचं होतं. आणि नवे मॅनेजर होते खुद्द मामा.

मामीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नवरा आपल्या भावाला सहज भेटायला निघालाय असं समजून तिनं क्लबच्या निळ्यापिवळ्या रंगांत विणलेला नवाकोरा मफलर पिशवीत घातला होता. "दादाला म्हणावं, मैदानावर गार वारं असतं, गळ्यात घालत जा." ती पिशवी भाचीच्या हातात होती आणि पावलागणिक जड होत होती.

आता मामा काही फुटबॉलवाले नव्हेत. त्यांचं चष्म्यांचं दुकान. दुकानात त्यांच्याइतका मऊ माणूस शोधून सापडायचा नाही. "खालची ओळ दिसतेय का? नसेल दिसत तर राहू द्या, घाई नाही." गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम टेकवतानासुद्धा आधी माफी मागतील. पण शनिवारी मैदानाच्या सिमेंटच्या पायरीवर बसले की याच माणसाच्या अंगात वारं शिरायचं. रेफरीला त्यांनी एकदा पायरीवरून ओरडून फुकट डोळे तपासून द्यायची तयारी दाखवली. सोमवारी रेफरी खरंच दुकानात हजर झाला, आणि त्याला नंबर निघाला. मामांनी लाजून लाजून त्याला निम्म्या किमतीत चष्मा दिला.

दादांशी गाठ पडली तीसुद्धा या ओरडण्यामुळेच. दादा तेव्हा खेळायचे. मामा पायरीवरून म्हणाले, "अरे, त्या खांबाला कुणीतरी पळायला शिकवा रे!" सामना संपल्यावर खांब पायऱ्या चढून वर आला, मामांची कॉलर धरली, आणि जवळून बघतो तर काडीसारखा माणूस थरथर कापतोय. दादांना हसू फुटलं. त्यांनी कॉलर सोडली आणि मामांना घरी चहाला नेलं. तो चहा दादांच्या बहिणीनं केला होता. पुढचं सांगायला नको, लग्नाचा फोटो दुकानात टांगलेला आहे.

पुढे दादा मॅनेजर झाले तेव्हापासून नेम ठरला. दादा रेषेपाशी उभे आणि मामा मागे पायरीवर. मामा ओरडणार, "बदली खेळाडू आण, नाहीतर बदली मॅनेजर आण!" आणि दादा मागे वळूनही न बघता ओरडणार, "चष्मे विक!" दोघांच्या दोस्तीचं सगळं खतपाणी यातच होतं. बाकी आठवडाभर एकमेकांशी धड दोन वाक्यं बोलत नसत.

क्लब मात्र बुडत चालला होता. लीगमध्ये सगळ्यांत खाली. जिंकल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि बरोबरी झाली की लोक हात मिळवायला यायचे. या वर्षी काही केलं नाही तर लीगमधूनच नाव कटणार, म्हणून कमिटी बसली. कमिटीत तिघं: मामा, बेकरीवाला, आणि अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर.

कमिटीचा एक नियम होता. जो गप्प बसला त्याचा होकार धरायचा. विरोध करायचा तर तोंडानं, मोठ्यानं, लगेच. हा नियम मामांनीच केलेला. कारण बेकरीवाला पूर्वी नुसते हातवारे करायचा, आणि मग "मी कुठं हो म्हटलं होतं?" म्हणून घोळ घालायचा. नियम झाल्यापासून बैठका चहा थंड व्हायच्या आत संपत. मामांना त्याचा मोठा अभिमान.

पण आदल्या दिवशीच्या सामन्यात एक पेनल्टी नाकारली गेली होती, आणि मामा इतके ओरडले होते की रविवारी घशातून फक्त हवा येत होती. अध्यक्ष म्हणाले, "दादांना आता विश्रांती द्यावी असं मला वाटतं. आहे कुणाचा विरोध?"

मामांनी दोन्ही हात हलवले.

"हातवारे नियमात नाहीत," बेकरीवाला म्हणाला. इतकी वर्षं तो या क्षणाची वाट बघत असणार.

"बरं. नवा मॅनेजर म्हणून सेक्रेटरींचं नाव सुचवतो. शनिवारी सगळ्यांत जास्त सूचना त्यांच्याच असतात. विरोध?"

मामांनी टेबल बडवलं. खुर्चीवर उभे राहिले. आ वासून घसा दाखवला. पण आ वासलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता काम सुरू करायचं, यात डॉक्टरांचा जन्म गेला होता. "छान," ते म्हणाले. "एकमतानं मंजूर."

"बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही," पुलावर हे सगळं सांगून झाल्यावर मामा म्हणाले. "माझं तर सोनंही नव्हतं. माझी मातीच, आणि तीही माझ्याच डोक्यावर."

भाचीला हसू आवरेना. पण त्यांचा चेहरा बघून तिनं ते गिळलं आणि मनातल्या मनात देवाला म्हणाली, या माणसाचं काहीही होऊ दे, पण दोस्ती राहू दे.

दादा गॅरेजच्या वर राहत. जेवायच्या टेबलावर त्यांनी नटबोल्ट मांडून शनिवारचा संघ लावला होता. गोलकीपरच्या जागी एक मोठा वॉशर होता.

"ये लेका! पोरी, तूही बस. हे बघ, या खेपेला डावीकडून हल्ला करायचा." पिशवीतला मफलर निघाला तसा त्यांनी तिथल्या तिथे गळ्यात घातला आणि आरशात बघून आले. "बहीण असावी तर अशी. सगळं जग म्हणतं हरतोय, ही मफलर विणतेय."

मामांनी चहा घेतला. मग आणखी घेतला. मग वॉशरकडे बोट दाखवून म्हणाले, "याला जरा पुढं घे."

"तू चष्मे विक."

भाचीनं टेबलाखालून मामांच्या पायाला पाय लावला. मामांनी कप खाली ठेवला. "दादा, कमिटीनं तुला काढलंय."

दादा बोल्ट हातात धरून राहिले. "बरं," ते म्हणाले. "ते एक दिवस व्हायचंच होतं. आणलाय कोण?"

मामांनी छताकडे पाहिलं.

"अरे, कोण?"

"मी."

दादा इतके हसले की मफलरनं डोळे पुसावे लागले. "तू! अरे, तुला कॉर्नर कुठून मारतात ते तरी..." मग मामा हसत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं.

"तू विरोध नाही केलास?"

"केला ना. हातानं."

"आणि तो तोंडाचा नियम कुणी केला?"

"मीच," मामा म्हणाले.

यावर दादा गप्प झाले. चिडले नाहीत, कॉलरही धरली नाही. एकेक नटबोल्ट उचलून डब्यात टाकला, शेवटी वॉशर टाकला. मग गळ्यातला मफलर काढून त्याची नीट घडी घातली आणि मामांच्या पुढ्यात ठेवली. "तिनं मॅनेजरसाठी विणलाय."

"शनिवारी येशील ना?"

"शनिवारी गाडीचं काम आहे."

"कुणाच्या गाडीचं?"

"येईल कुणाची तरी," दादा म्हणाले, आणि कप विसळायला आत गेले.

जिना उतरून दोघं खाली आले. मामा गॅरेजच्या दारातच थांबले. या वेळी नाडीचं निमित्तही केलं नाही. मफलर हातात तसाच होता.

"मामीला काय सांगणार?" भाचीनं विचारलं.

"जे झालं ते. ती बोलेल, चार दिवस बोलेल. बोलणाऱ्या माणसाची मला भीती नाही." त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं. आत कप विसळल्याचा आवाज कधीच थांबला होता. "हा कधी गप्प बसत नाही गं. हरल्यावर बसला नाही, त्याची बायको गेली तेव्हा बसला नाही. आज माझ्यामुळे बसला."

भाचीनं रिकाम्या पिशवीची घडी करून काखेत मारली.

"माझं एक काम करशील?" मामा म्हणाले. "शनिवारी सकाळी इथं ये. गाडीबिडी काही येणार नाही. तू म्हण, मला एकटीला मैदानावर जायला संकोच वाटतो, दादा, तुम्ही चला. तुला तो नाही म्हणायचा नाही. त्याला आण आणि माझ्या पायरीवर बसव."

"आणि?"

"आणि तो नुसता बसून राहील. ओरडणार नाही. म्हणून तू सुरुवात कर."

"मी?" भाचीनं आयुष्यात भाजीवाल्यालासुद्धा मोठ्यानं हाक मारली नव्हती. आरतीतसुद्धा तिचा आवाज शेजारणीला ऐकू जात नसे. "मामा, मी काय ओरडू?"

"काहीही. माझ्या नावानं ओरड. म्हण, या चष्मेवाल्याला काही कळत नाही, काढा याला, जुना मॅनेजर आणा. पण मोठ्यानं हं, पोरी. मागं वळून न बघता मला ऐकू आलं पाहिजे."