तोंड उघडा, मास्तर

“हुंग त्याचं तोंड,” आबासाहेब म्हणाले.

हे वाक्य त्यांनी मला उद्देशून उच्चारले नव्हते. त्यांच्याशेजारी उभ्या असलेल्या शिपायाला, किसनमामाला, सांगितले होते. सकाळचा परिपाठ चालू होता. प्रार्थना झाली होती, प्रतिज्ञा झाली होती. मैदानावर मुलामुलींच्या रांगा उभ्या होत्या. पाचवीच्या रांगेत, अगदी पुढे, माझी मुलगी सुजाता उभी होती.

मी नुकताच पाण्याच्या टाकीमागून बाहेर आलो होतो. उजवा डोळा लालभडक. पापणी अर्धी मिटलेली. त्याच बाजूची नाकपुडी गळत होती. पाय सरळ पडत नव्हते.

आबासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. नेकनूरच्या बाजूची निम्मी बागायत त्यांच्या घराण्याची. शाळेची जागा त्यांची, नेमणुका त्यांच्या. आधी ते स्वतःच माझ्याकडे निघाले होते. दोन पावले आले आणि थांबले. माझ्या तोंडाजवळ नाक न्यावे लागेल, हे त्यांच्या लक्षात आले असावे.

“म्या कावून जवळ जाऊ?” ते किसनमामाला म्हणाले. “तू जा. तुमच्यातलाच हाय.”

किसनमामा आमच्याच वस्तीतला. बुद्धविहाराला लागून त्याचे घर. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून मी मिरवणूक पाहिली आहे. तो माझ्यासमोर आला. त्याच्या डोळ्यांत माझ्याकडे बघण्याचे बळ नव्हते.

“सर, तोंड उघडा,” तो पुटपुटला.

मी तोंड उघडले. डोळ्याच्या मागे कोणी तापलेली सळई फिरवत असताना माणूस सांगितले ते करतो.

मामाने वास घेतला. मग वळून तो मोठ्याने म्हणाला, “न्हाई, मालक. वास न्हाई.”

“तू कावून खरं सांगशील? तुमी एकमेकाचं झाकनारच.”

दहावीच्या रांगेत कोणीतरी हसले. मग पुष्कळ जण हसले. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिले. सुजाताने स्वतःच्या बुटांकडे पाहिले.

मी विज्ञान शिकवतो. सहावीच्या पहिल्या तासाला मी मुलांना निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक समजावतो. डोळा लाल आहे, हे निरीक्षण. माणूस दारू प्यायला आहे, हे अनुमान. निरीक्षणावरून अनुमानाकडे जाताना घाई करू नये, इतर कारणे तपासावीत, असे मी सांगतो. त्या सकाळी मला आणखी एक गोष्ट उमगली. काही माणसांच्या बाबतीत अनुमान आधी तयार असते. निरीक्षण नंतर शोधले जाते. आणि ज्या परीक्षेत ‘वास आहे’ म्हटले तरी मी दोषी आणि ‘वास नाही’ म्हटले तरी मी दोषी, ती परीक्षाच नव्हे. ती शिक्षा आहे.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर दारूला हात लावला नाही. मीही लावलेला नाही. हे इथे लिहावे लागते, यातच सगळे आले.

आता दुखण्याविषयी नीट सांगतो.

ते पहिल्यांदा आले तेव्हा मी बीडच्या अध्यापक विद्यालयात शिकत होतो. दिवाळीनंतरचे दिवस होते. रात्रीचे जेवण झाले, की उजव्या नाकपुडीत काहीतरी दाटायचे आणि पाच मिनिटांत डोळ्याच्या खोबणीतून वेदना फुटायची. डोके दुखते तेव्हा लोक अंधारात पडून राहतात. मला पडवत नसे. मी वसतिगृहाच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचो. कपाळ खांबावर आपटायचो. तासाभरात सगळे ओसरायचे, जणू काही झालेच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. असे काही आठवडे चालले आणि एके दिवशी ते आपोआप गेले. एक वाईट काळ होता, संपला, असे मी धरून चाललो.

तो संपला नव्हता. दोन वर्षांनी दिवाळीनंतरच तो परत आला.

मग उपाय झाले. दातांचे दुखणे म्हणून दोन चांगल्या दाढा काढल्या. चष्मा लागला. सायनस आहे म्हणून वाफारे घेतले. अर्धशिशी समजून आईने सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाऊ घातली. मी उगवतीकडे तोंड करून ती खाल्ली. आई समोर हात जोडून बसायची. ते उपाय लागू पडावेत, ही आस माझ्यापेक्षा तिलाच जास्त होती. काही आठवडे सरले, की दुखणे जायचे, आणि जो उपाय शेवटचा असेल त्याला यश मिळायचे. जिलेबीला मिळाले, एका बाबाच्या अंगाऱ्यालाही मिळाले.

वर्षे गेली तसे दुखणे बदलत गेले. मधले मोकळे काळ आखूड झाले. आधी ते फक्त थंडीत यायचे, पुढे उन्हाळ्यातही येऊ लागले. रात्रीची वेळ सरकत दुपारवर आली, दुपारवरून सकाळवर. पूर्वी दोन झटक्यांच्या मधे मी पूर्ण मोकळा असायचो. आता डोळ्यामागे एक ठसठस मागे राहते, घर सोडून गेलेल्या भाडेकरूने खोलीत सामान ठेवावे तशी. आणि सर्वांत मोठा बदल माझ्यात झाला. दुखत नसतानाही मी कान देऊन असतो. नाकपुडी जरा चोंदली, की मी घड्याळ पाहतो. फळ्यावर आकृती काढताना हात थांबतो. मुलांना वाटते, सर विचार करत आहेत.

सकाळची वेळ आली ती नेमकी परिपाठाची. म्हणून मी टाकीमागे जाऊ लागलो. तोंडात रुमाल कोंबायचो, डोके सिमेंटवर टेकवायचो आणि राष्ट्रगीतापर्यंत परत यायची धडपड करायचो. लपणे हाच पुरावा ठरला. लोक म्हणू लागले, मास्तर टाकीमागे कावून जातो? प्यायलाच जात असनार.

त्या अपमानानंतरच्या सोमवारी मी बीडला सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी विचारले, “दुखतं तेव्हा पडून राहता, की फिरता?”

“फिरतो. बसवत नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवले. मग त्यांनी विचारले, “दारू घेता?”

माझे अंग ताठ झाले. पण त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली. प्रश्नाच्या आत उत्तर आधीच बसलेले नव्हते. मी नाही म्हणालो. “बरंय,” त्या म्हणाल्या, “हे दुखणं चालू असतं त्या दिवसांत एक घोटसुद्धा झटका आणू शकतो.”

क्लस्टर हेडेक, असे त्यांनी सांगितले. झुपक्याने येणारी डोकेदुखी. झटका सुरू होताच मास्क लावून जोरात ऑक्सिजन घेतला तर अनेकांना आराम पडतो, गोळ्याही आहेत. हा आजार बरा होतो का, असे मी विचारले. त्या खोटे बोलल्या नाहीत. “येत-जात राहील,” म्हणाल्या. “कसा बदलेल, ते सांगता येत नाही.”

मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडलो. दुःखाने नव्हे. मला नाव मिळाले होते.

ते नाव आणि डॉक्टर बाईंचा कागद घेऊन मी आबासाहेबांच्या वाड्यासमोर उभा राहिलो. शाळेच्या प्रयोगशाळेत एक छोटे सिलिंडर ठेवू द्या, अशी विनंती केली.

“शाळा हाय का दवाखाना?” ते म्हणाले. “लई शिकलास म्हून लई मोठा रोग व्हय? असले कागद कुनीबी देतंय. उद्यापासून फाटकावर थांबायचं. किसन तोंड बघंल, मंगच आत.”

आणि तसे सुरू झाले. रोज सकाळी फाटक, किसनमामा, उघडे तोंड. मुले बाजूने सायकली ढकलत आत जायची. “सर, चला, उरका,” मामा हळूच म्हणायचा, आणि न हुंगताच मान हलवायचा. एकदा तो म्हणाला, “म्या तुला दात येताना बघितलं रं. अन् आता हे.”

काही आठवड्यांनी दुखणे गेले. ते आपल्या नियमाने जाते. पण हुंगणे गेले नाही. डोळा स्वच्छ पांढरा, पाय सरळ, तरी फाटकावर तोंड उघडायचेच. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की ह्या तपासणीचा माझ्या दुखण्याशी कधीच संबंध नव्हता.

तरीही मी तोंड उघडत राहिलो असतो. नोकरी होती, घर होते. मला सवय होत चालली होती; माणसाला कशाचीही होते.

एका संध्याकाळी मी शाळेतून आलो. ओट्यावर बसून चपला काढत होतो. सुजाता पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या देताना ती वाकली, माझ्या चेहऱ्याजवळ आली. तिने नाकाने एक बारीक श्वास ओढला.

मी तिच्याकडे पाहिले.

“काय गं?”

“काही नाही, पप्पा.”

ती आत पळाली. मी तांब्या हातात धरून बसलो. पाणी प्यालो नाही. स्वयंपाकघरातून बायको काहीतरी विचारत होती, मला ऐकू येत नव्हते. डोळ्यात सळई फिरते तेव्हा मी निदान चालू शकतो, खांबाला कपाळ टेकवू शकतो. ह्या वेदनेत मला हलताही आले नाही. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने मला तपासले होते. फाटकावर सुरू झालेली पद्धत माझ्या ओट्यापर्यंत येऊन पोहोचली होती. तिला कोणी शिकवले नव्हते. ती रोज पाहत होती. मुले पाहून शिकतात, हे शिक्षकाला कोणी सांगायला नको. रोज तोंड उघडून मीच तिला तो धडा देत होतो.

दुसऱ्या दिवशी फाटकावर मी थांबलो नाही.

“सर,” किसनमामाने हाक मारली.

“मामा, आजपासून नाही. तुम्ही हुंगायचं नाही आणि मी तोंड उघडायचं नाही.”

मामाने इकडेतिकडे पाहिले. मग तो फाटकापासून बाजूला झाला. त्याला त्याची किंमत ठाऊक होती, तरी झाला.

आबासाहेब मैदानावरच होते. “मास्तर, वास दिल्याबिगर आत जायचं न्हाई. मस्ती आली व्हय?”

“आबासाहेब, मला आजार आहे. त्याचं नाव मी तुम्हाला सांगितलं आहे. तुमच्या आजाराला नाव नाही, म्हणून तो तुम्हाला दिसत नाही.”

“मंग घरी जा.”

“माझा पहिला तास सहावीवर आहे. मी तिकडे चाललो.”

त्या आठवड्यात माझे तास काढून घेतले. मला रिकाम्या खोलीत बसवले जाते. मामाला फाटकावरून काढून संस्थेच्या गोठ्यात पाठवले आहे. मी शिक्षण खात्याकडे तक्रार केली आहे. तिथून अजून काही आलेले नाही. संघटनेचे लोक म्हणाले, मिटवून घ्या. मी मिटवणार नाही.

आणि दुखणे परत आले आहे. या वेळी पूर्वीपेक्षा लवकर. सकाळी, परिपाठाच्याच वेळी.

परवा पहिला झटका आला तेव्हा पाय सवयीने टाकीकडे वळले. मी ते थांबवले. रांगांच्या समोर, सर्वांना दिसेल असा, मी येरझाऱ्या घालत राहिलो. डोळा गळत होता. तोंडातून आवाज निघत होता, तो मी दाबला नाही. मग शाळेत ठेवू दिले नाही म्हणून वेशीकडच्या चहाच्या टपरीत ठेवलेले माझे ऑक्सिजनचे सिलिंडर मी एका मुलाकरवी आणवले आणि ध्वजस्तंभाच्या ओट्यावर बसून मास्क लावला. काही मुले हसली. काही घाबरली. सहावीतल्या एकीने विचारले, “सर, हे काय हाय?” मास्क काढून मी तिला सांगितले. निरीक्षण. मग कारण. दहा ओळीही नसतील. शिक्षकाने कुठे शिकवायचे, हे खोली ठरवत नाही.

सुजाता पाचवीच्या रांगेत होती. तिने मान वर केली नाही.

ती अजूनही माझ्याजवळ आली, की क्षणभर श्वास ओढते. तिला ते कळत नसावे. मला कळते. मी तिला रागावत नाही आणि समजावतही नाही. जी गोष्ट पाहून ती हे शिकली, तिच्या उलट गोष्ट तिला रोज दिसली पाहिजे. एवढाच उपाय माझ्या हाती आहे, आणि तो लागू पडेलच असे नाही.

दुखणे उद्या येईल. कदाचित ते कायमचे मुक्कामाला येईल. त्याच्यापुढे माझे काही चालत नाही. पण टाकीमागे मी जाणार नाही. फाटकावर थांबणार नाही. माझे तोंड पुन्हा कोणाच्या नाकासमोर उघडणार नाही.