खालच्या आजोबांचं मेलबर्न

पृथ्वीने कसं फिरायचं हे आपल्याला विचारून ठरतं, असं मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला आणि मुलांनो, तो नेमका आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. मानेसरच्या कारखान्यात जन्मभर गाड्यांचे भाग तपासून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना तयार वस्तू विकत घेणं म्हणजे स्वतःचा अपमान वाटतो. दाराची बेलसुद्धा त्यांनी घरीच बनवली आहे. ती दाबली की स्वयंपाकघरातला दिवा जातो. बायको होती तोवर ती ओरडायची. आता ते काम माझ्याकडे आलं आहे.

तुमच्या मेलबर्नची वेळ काढताना मी बोटांवर तास मोजते हे त्यांनी पाहिलं मात्र, आठवड्याभरात घड्याळ घेऊन हजर! साबणाच्या डबीत नखाएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे इवलासा संगणकच, वर चार लाल आकडे, मागे शेपटीसारखी वायर. "वहिनी, प्रोग्राम माझा, सोल्डरिंग माझं!" वेळही त्यांचीच होती, जगाची नव्हे. घड्याळ रोज मागे पडे, आणि वीज जाऊन सोसायटीचा जनरेटर सुरू होईतो सगळं विसरून शून्यावर येई. मग हे जिना चढून येणार, बटणं दाबणार, चहा पिऊन जाणार.

ईराच्या वाढदिवसाला तर कहर झाला. सकाळी वीज गेली, त्यांनी येऊन वेळ लावली, आणि दुपारी तुमचा फोन बाहेर वाजत होता तेव्हा मी आत निवांत साडी नेसत होते, कारण केक तुमच्या सातला कापायचा होता आणि घड्याळात तुमचे सव्वासहाच झाले होते. मी फोन केला तोवर केक खाऊन संपला होता. "आजी, किती वाट पाहिली तुझी!" हे मी कुणामुळे ऐकून घेतलं?

तरातरा खाली गेले. "वेळ कशावरून लावलीत?"

"आमच्या घड्याळावरून."

"आणि ते कुणी बनवलं?"

"मीच. अगदी तुमच्या घड्याळासारखंच आहे."

मी बजावलं, सेलवर वेळ सांभाळणारी चिप मिळते असं माझा मुलगा सांगतो. ती बसवा, नाहीतर डबी परत न्या. त्यांनी खण उघडला. चिप पाकिटासकट तिथेच होती, पहिल्या दिवसापासून.

"बसवतो, वहिनी. पण मग वीज गेल्यावर वर कशाला यायचं?"

मी पाकीट त्यांच्या हातात ठेवलं आणि तरातरा वर आले.

चिप बसली. आज दुपारी वीज गेली, आली. आकडे हलले नाहीत. जिन्यात पाऊल वाजलं नाही. मी चहाचं आधण ठेवलं आणि खाली फोन करून म्हटलं, "वेळ अगदी बरोबर दाखवतंय. तरी एकदा येऊन बघून जा."