अदिरास्पानला सांगायचं नाव

शू नदीपलीकडच्या त्या गावात मेंढ्या सगळं खातात. पुठ्ठा खातात, वाळत घातलेले मोजे खातात, एकदा तर शाळेतला नकाशा खाल्ला. अदिरास्पानच्या झुडपाला मात्र तोंड लावत नाहीत. म्हणून मेंढ्यांनी जिथं जमीन पार बोडकी केलीय तिथंच, गोठ्यामागं आणि कबरस्तानाभोवती, ते हिरवंगार माजतं. दुष्काळात एखादी मेंढी नाइलाजानं चरते, मग थरथरते, मागचे पाय ओढू लागते, आणि नशीब असलं तर वाचते.

उलबोसिन म्हातारी हे झुडूप साऱ्या गावासाठी आणायची. दारावर टांगायला, दृष्ट लागलेल्या पोराला धुरी द्यायला, आणि उकळून त्याच्या वाफेवर दुखरे गुडघे शेकायला. फांदी तोडण्याआधी झुडपाला वाकून सलाम सांगायचा आणि कोणासाठी नेतोय त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, ही रीत. आजाऱ्यानं स्वतः जायचं नाही. निरोप दुसऱ्यानंच न्यायचा.

गावभरचे गुडघे तिनं शेकले. नवऱ्याचे तेवढे राहिले. कारण नवऱ्याचं नि सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव बाईनं घ्यायचं नाही, हीही रीतच. नातवंडं झाली तरी तोलेगेन हे नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं. एकदा ‘आमच्या घरच्या म्हाताऱ्यासाठी’ असं सांगून तिनं फांद्या आणल्या, पण गुण आला नाही. तिच्या मते यात झुडपाची काही चूक नव्हती. त्या मुलखात म्हातारे काय कमी आहेत? कोणत्या गुडघ्याला जायचं हे त्यानं ओळखावं कसं?

तोलेगेनला हे पटत नसे.

“शेजाऱ्याच्या घोड्याचा गुडघासुद्धा शेकतेस. मी काय घोड्याहून गेलो?”

“घोड्याचं नाव घेता येतं,” ती म्हणे.

उन्हाळा सरताना अदिरास्पानची बोंडं पिकली. बाजारात कुणीतरी तोलेगेनला सांगितलं की त्यातल्या बिया चहाबरोबर गिळल्या की आखडलेले गुडघे मोकळे होतात. उलबोसिननं त्याला बजावलं, हे झाड अंगाबाहेर औषध आणि पोटात विष, आणि त्यातलं बरंचसं विष पिकल्या बीत उतरतं. दवाखान्यातली नर्सही तेच सांगून गेली. त्या विषाला हार्मालिन म्हणतात, त्यानं काळीज मंदावतं आणि भलतंसलतं दिसू लागतं. तोलेगेननं दोघींचं मान डोलावून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी बायको घोडीची धार काढायला गेलेली पाहून तो लंगडत गोठ्यामागं गेला आणि सलामबिलाम न करता बोंडं ओरबाडून घेऊन आला.

उलबोसिन परतली तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. गालिच्यावरचे एडके तहानलेत, त्यांना पाणी दाखव, असं त्यानं शांतपणे सुचवलं. मग तो ओकला. हात थरथरू लागले, डोळे मिटू लागले. अशा मेंढ्या तिनं पाहिल्या होत्या. त्यांतल्या सगळ्याच उठल्या नव्हत्या.

तिनं दवाखान्यात फोन लावला. गाडी निघतेय, पलीकडची बाई म्हणाली, तोवर त्याला कुशीवर ठेवा, झोपू देऊ नका, नावानं हाका मारत राहा.

“नावानं?”

“नावानंच, आपा.”

उलबोसिन आधी म्हणाली, “अहो.” मग म्हणाली, “एर्केनच्या बापा.” मग, “म्हाताऱ्या.” पापणी हलली नाही. तिला उभ्या जन्मात वाटली नव्हती एवढी भीती वाटली. तिनं दाराकडं एकदा पाहून घेतलं. खरं तर ऐकून रागावेल असं सासरचं कुणी जिवंत उरलं नव्हतं.

“तोलेगेन,” ती म्हणाली. आवाज परक्या बाईचा वाटला, म्हणून पुन्हा म्हणाली.

त्यानं एक डोळा उघडला.

“मेलो का मी?”

“अजून नाही.”

“मग नाव का घेतेस?”

“फोनवरच्या बाईनं सांगितलं म्हणून.”

डोळा पुन्हा मिटू लागला, तशी तिनं पुन्हा हाक मारली. गाडी येईपर्यंत ती नाव घेत होती आणि रडत होती. त्याला गाडीत चढवलं तरी थांबायचं तिला सुचलं नाही.

तो वाचला. घरी आला त्याच्या दुसऱ्या सकाळी ती कबरस्तानाजवळ गेली आणि झुडपापुढं वाकली. “तोलेगेननं सलाम सांगितलाय. गुडघे धरलेत त्याचे. बिया चोरल्या त्या पोटात घाल, तो तसाच आहे.”

पातेलं उकळलं. तोलेगेन वाफेपुढं पाय सोडून बसला.

“सांगितलंस नाव?”

“सांगितलं.”

“मला कुठं ऐकू आलं?”

“तुम्हांला नव्हतं सांगितलं.”

उलबोसिननं कांबळं आणून त्याच्या डोक्यावरून पार ओढलं, कडा खोचल्या, आणि त्याचं तोंड दिसेनासं झाल्यावर हळूच एकदा नाव घेतलं.