पडून राहिली

घर सोडलं त्या दिवशी कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीबाहेर बस उभी होती आणि आई माझ्या बॅगेचा पट्टा सोडत नव्हती. "आजचा दिवस राहून जा नं, बाबू." बाबा हसले. "तो जाऊन राहिला अन् तू त्याले राहून जा म्हनते. कोनतं तरी एक ठरवा गा!" आम्ही तिघंही हसलो. मग मी गेलो.

आमच्याकडे विदर्भात 'जाऊन राहिला' म्हणजे 'जातो आहे'. पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसलो तेव्हा कळलं, की छापील मराठीत 'राहणे'ला बरेच अर्थ आहेत. मान्यवर उपस्थित राहतात, पद रिक्त राहतं, पुलाचं काम राहतं, बघे बघत राहतात. ज्याची कुणालाच आठवण येत नाही ते राहून जातं. एवढ्या अर्थांना पानावर जागा होती, फक्त आमच्या अर्थाला नव्हती. विदर्भातली बातमी आली की वरिष्ठ ती माझ्याकडे सरकवत. "तुमच्याकडचं आहे, सरळ करा." मी करायचो, आणि खरं सांगतो, अभिमानानं करायचो.

उमरेडच्या वार्ताहरानं एकदा लिहिलं होतं, 'विणकर माग सोडून राहिले.' मी ते 'सोडत आहेत' केलं. त्याचा फोन आला. "साहेब, तुम्ही तं इकडलेच नं? मंग आमचं राहनं काहून खोडता?" त्याचं बोलणं डेस्कवर सगळ्यांना ऐकवून मी हसलो होतो.

गेल्या वर्षी एका दुपारी पुरवणीची पानं छपाईला जात असताना बाबांचा फोन आला. बाबा निवृत्त झाल्यावर दोघं कोराडीतच छोटं घर बांधून राहतात.

"तुही माय पडून राहिली गा. दोन-तीन दिवसांपासून."

माझे डोळे मथळ्यावर होते. मी ऐकलं ते पुण्याच्या कानानं. आई आडवी पडून आहे, दमली असेल.

"मग पडू द्या ना, बाबा."

बाबांनी विचारलं, "पडू देऊ?"

"हो. उगाच धावपळ नका करू. तिचं वय झालं आता."

"बरं. तू कामात असशील," म्हणाले आणि फोन ठेवला.

आईचा तोल जात होता. ती चालता चालता पडत होती, रोज. बाबा तेच सांगत होते. उमरेडच्या बातमीत मी हा अर्थ एका नजरेत ओळखला असता. स्वतःच्या आईच्या बाबतीत ओळखला नाही.

पुढच्या आठवड्यात ती न्हाणीच्या दारात पडली. खुब्याचं हाड मोडलं, डोक्यालाही मार लागला. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी बाबांना म्हणालो, तुम्ही मला नीट का नाही सांगितलं? ते माझ्याकडे बघत राहिले. "सांगतलं नं. तूच म्हनला, पडू द्या." मी दोन्ही अर्थ समजावून सांगायला लागलो. माझा चांगलाच सरावाचा विषय. बोलता बोलता माझं मलाच ऐकवेना. त्यांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला की नाही, मला आजही माहीत नाही. पुन्हा विचारायची हिंमत नाही.

तुमच्यापैकी जे तिकडेच आहेत आणि जे माझ्यासारखे निघून आले, त्या दोघांनाही मी हे सांगतो आहे. सांगून काही सुधारणार नाही, हे ठाऊक आहे.

मी महिन्यातून एकदा जातो, एरवी रोज फोन करतो. बाबा आता माझ्याशी फार जपून बोलतात, शाळेच्या पुस्तकातलं मराठी. "तुझी आई जेवत आहे. तुझ्या आईला ताप नाही." प्रत्येक शब्द सुटा, तारेत लिहावा तसा. मध्येच शेजारच्या काकू येतात, आणि बाबा फोन न ठेवताच त्यांच्याशी बोलू लागतात. "बसा नं वं, चहा होऊन राहिला." तो आवाज मोकळा असतो. तेच माझं घर. मी फोन कानाला लावून ऐकत असतो. मग ते घसा खाकरतात, आणि पुन्हा माझ्याशी शुद्ध बोलू लागतात.