भिंतीतलं एक घर

आमचे हे गवंडी होते, पण भिंती बांधण्यापेक्षा भिंतींच्या फटी बुजवण्यातच त्यांचं आयुष्य गेलं. वारा कुठून आत येतो ते हुडकायचं आणि ती जागा बंद करायची, हा त्यांचा धंदा. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी माणसांची विचारपूस राहायची बाजूला, आधी हे खिडकीच्या चौकटीवरून तळहात फिरवणार. "इथून गार येतंय," म्हणणार, आणि यजमानीणबाई माझ्या तोंडाकडे बघणार. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यावरून पोरं त्यांना वारेकाका म्हणायची.

पण हात काय होता हो त्यांचा! फट भरून वरून असा गुळगुळीत हात मारायचे, की नंतर "दाखवा बघू, कुठे होती?" म्हणून लोकांना आव्हान द्यायचे. कुणालाही कधी सापडली नाही. त्याचा त्यांना भारी तोरा. आमटीत मीठ कमी आहे हे सांगतानासुद्धा मध्येच तो विषय निघायचा.

तेव्हा आम्ही एका जुन्या दगडी इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचो. आता आठवलं तरी गंमत वाटते, हिवाळ्यात आम्ही घरात कानटोपी घालून जेवायचो. हीटर दिवसभर चालू, तरी पायाची बोटं बर्फ. वीज नुसती जळायची आणि ऊब भिंतीतून बाहेर जायची. शेवटी सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून ह्यांना गळ घातली. ह्यांनी मागच्या भिंतीला परांची बांधली आणि तो अख्खा हिवाळा तिच्यावर काढला. छपराखालची एकेक फट बुजवली, वरून रंग दिला. काही फटींतून काड्या न् पिसं निघाली, तो वाऱ्यानं आलेला कचरा म्हणून ह्यांनी झाडून टाकला. त्या वर्षी भर थंडीत मी घरात अनवाणी फिरले. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई खास वर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आज मी हातमोजे काढून चहा प्याले!" हे असे फुशारले होते, की विचारू नका.

मग ऊन वाढलं आणि पाकोळ्या आल्या.

दर वर्षीच यायच्या. काळ्या, लांब वाकड्या पंखांच्या, किंचाळत भिंतीजवळून सुसाट जायच्या. राहतात कुठे, असा विचार आमच्यापैकी कुणी कधी केला नव्हता. त्या सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर धप्पकन आवाज झाला. वाकून बघते तो खाली अंगणात एक पाखरू मरून पडलेलं, आणि दुसरं वर एकटंच गोल गोल फिरतंय. एवढ्यात आणखी एक भिंतीला धडकलं, सावरलं आणि पुन्हा धडकलं.

"अहो, बाहेर या आधी!" मी ओरडले.

हे धावत आले, तोंडाला दाढीचा साबण तसाच. ह्यांनी पाखरू धडकत होतं ती भिंतीवरची जागा बघितली. "अगं, त्या फटी नव्हत्या," म्हणाले. "घरं होती."

गावातली एक पक्षी मोजणारी बाई ह्यांनी त्याच दिवशी गाठून आणली. ती म्हणाली, ही पाखरं समुद्र आणि कितीतरी देश ओलांडून येतात, आणि दर वर्षी आपल्याच भोकाशी येतात. वाटेतल्या देशांत तिच्यासारखीच माणसं आहेत. तिकडून थवे निघाले की ते हिला कळवतात, इकडून निघाले की ही त्यांना कळवते. हे ऐकून ह्यांचा चेहरा पडला. "म्हणजे तिकडच्यांनी जपून पाठवली, आणि मी दार लावून घेतलं," म्हणाले.

"मग फोडा की! तुमचंच तर काम आहे," मी म्हटलं.

"कुठे फोडू?"

तिथेच तर गोची होती. काम इतकं बेमालूम झालं होतं, की त्यांचं त्यांनाच सापडेना! भिंतीवर हात फिरवत फिरवत बिचारे रडकुंडीला आले. शेवटी एकच वाट उरली. पाखरू धडकेल ती जागा त्याच्या घराची. हे खडू घेऊन परांचीवर आणि मी खाली अंगणात. "डावीकडे! अजून वर! अहो डावीकडे म्हटलं, डावा हात कळतो ना?" प्रत्येक धडकेला माझ्या काळजात चर्र व्हायचं, पण डोळे मिटायची सोय नव्हती.

इमारतीतले लोक कुरकुरले, थंडी पुन्हा आत घेणार का म्हणून. तर ह्यांनी प्रत्येक भोकामागे लाकडी खोकं बसवलं, त्याच्यामागे थर्माकोलचा जाड थर. पाखरू खोक्यात, ऊब आमच्या घरात. पहिली पाकोळी सुर्रकन आत शिरली तेव्हा हे परांचीवरून असे हसले, की मला ते लग्नातले आठवले.

हळूहळू सगळी आत गेली. एक सोडून. जे पाखरू पहिल्या सकाळी मेलं, त्याची जोडीदारीण भिंतीला टेकायचीच नाही, नुसती समोर घिरट्या घालायची. त्यामुळे ते घर नेमकं कुठे, हे कळेना. ह्यांनी अंदाजानं किती ठिकाणी भोकं पाडली, खोकी बसवली! तिनं ढुंकून पाहिलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा आली, पुन्हा एकटीच फिरली. त्याच्या पुढच्याही वर्षी. मी चिडायची, "इतकी सुखानं नांदतायत ती दिसत नाहीत का तुम्हाला? एकीसाठी किती झुरायचं माणसानं?" "दिसतात की," हे म्हणायचे. पण तिकडून थवे निघाल्याचा निरोप आला, की ह्यांचा जीव टांगणीला लागायचा.

शेवटच्या वर्षी त्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं. पाकोळ्या आल्याचं आवाजावरून कळलं, तसं मला म्हणाले, "खाली जाऊन नीट बघून ये." मान दुखेपर्यंत मी अंगणात उभी राहिले. एकूणएक पाखरू आपापल्या भोकात शिरलं. एकटं फिरणारं कुणीच नव्हतं. इतका आनंद झाला मला! जिने धापा टाकत चढले.

"अहो, सगळी आत गेली! बाहेर एकही राहिलं नाही."

"ती?"

"नाही ना! कुठेच नाही. तिलाही मिळालं असेल घर."

 ते हळूच म्हणाले, "अगं वेडे, ती आलीच नाही."

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी नुसती पाठीवर हात ठेवून बसले.